आंब्याच्या बॉक्सवरचं चित्र: तीन चॅनल, चार स्क्रीन आणि थ्रेशोल्डचे आकडे

पार्श्वभूमी

देवगड तालुक्यातल्या एका बागायतदाराला त्या हंगामापासून हापूस थेट गिऱ्हाइकाला पाठवायचा होता. वाशीला पेट्या जायच्या त्या जातच होत्या. हे जादा काम होतं, एक आणि दोन डझनांच्या पुठ्ठ्याच्या बॉक्सचं. बॉक्सवर छापायला त्यांच्या नात्यातल्या एका चित्रकला शिक्षिकेनं पोस्टर कलरमध्ये चित्र काढून दिलं होतं: देठाला लागलेले दोन आंबे, मागे तीन पानं, आंब्याच्या खांद्यावर हलकी लाली. कागद पांढरा कार्ट्रिज, आकार ए-फोर.

छपाई कणकवलीच्या बाजूच्या एका छोट्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे होती. बाकाला बिजागरीनं बसवलेली स्क्रीन (चौकटीवर ताणलेलं जाळीदार कापड), हाताचा स्क्वीजी (शाई दाबून ओढायची रबरी पट्टी), एका वेळी एक रंग. अशा ठिकाणी खर्च ठरतो तो स्क्रीनच्या संख्येवर, कारण प्रत्येक रंगाला वेगळी फिल्म (काळ्या आकृतीचा अर्धपारदर्शक कागद), वेगळं इमल्शन (फिल्ममधून उजेड देऊन स्क्रीनवर आकृती धरणारा थर), वेगळी जुळवणी लागते. चार रंग ठरले: पिवळा, केशरी-लाल, हिरवा आणि काळा. बागेचं नाव आणि पत्ता काळ्यात होताच, म्हणून देठही त्याच फिल्मवर टाकून पाचवी स्क्रीन वाचवली. हा निर्णय सुरुवातीलाच झाला, आणि योग्य झाला.

स्क्रीनच्या फिल्मवर राखाडी असं काही नसतं. शाई जाईल किंवा जाणार नाही, एवढंच. म्हणजे चित्रातल्या हजारो छटांचे चार काळे-पांढरे तुकडे करायचे, आणि त्यासाठी दुकानातला डिझायनर वापरत होता इमेज इफेक्टचं एक प्लग-इन. लाल, हिरवा, निळा या प्रत्येक चॅनलला (चित्रातला त्या रंगाच्या उजेडाचा थर, ० ते २५५ आकड्यांत) वेगळा थ्रेशोल्ड (ज्या आकड्याच्या एका बाजूचं काळं आणि दुसऱ्या बाजूचं पांढरं होतं, तो), आणि शिवाय स्वतःचं सूत्र लिहायला एक रकाना. हत्यार पुरेसं होतं.

अडचण

चित्र आलं ते मोबाइलवर काढलेल्या फोटोच्या रूपात, मेसेजिंग अ‍ॅपवरून. डिझायनरनं तिन्ही चॅनलना १२८ हा मधला आकडा लावला. संगणकावर छोटं करून बघितलं तर बरं वाटत होतं. ट्रेसिंग पेपरवर लेझरनं फिल्म काढून काचेच्या टेबलावर भिंगाखाली धरल्यावर खरी गंमत कळली.

कागदाच्या खालच्या अर्ध्या भागात पिवळ्याच्या फिल्मवर मोठा काळा डाग होता. म्हणजे तिथं आंबा नसताना पिवळी शाई पडणार होती. पानाच्या चकाकत्या भागाचे तुकडे आंब्याच्या फिल्मवर गेले होते. लाली उजेडाच्या बाजूला गायब, सावलीच्या बाजूला दुप्पट. आणि पान जिथं आंब्यावर येतं ती कड करवतीसारखी दातेरी.

डागाचं कारण फोटो कुठं काढला यात सापडलं. चित्र पडवीत ठेवलं होतं, समोर सारवलेलं नव्हे तर उघडं, जांभ्याच्या लाल मातीचं अंगण, वर दुपारचं ऊन. लाल माती निळा प्रकाश शोषून घेते आणि उरलेला परत फेकते. त्यामुळे कागदाची अंगणाकडची बाजू डोळ्याला पांढरी दिसली तरी फोटोत तांबूस झाली होती. प्रत्यक्ष मोजल्यावर: कागदाच्या वरच्या कडेला निळ्या चॅनलमध्ये १९६, अंगणाकडच्या कडेला १२१. आणि आंब्यावरच्या पांढरट चकाकीत निळा १४०.

इथंच खरा पेच आहे. कागद ओळखायचा तर तो निळ्यातच ओळखता येतो, कारण पिवळा, केशरी, हिरवा हे चित्रातले सगळे रंग निळ्यात खाली असतात आणि फक्त पांढरा वर राहतो. पण कागदाचा सगळ्यात काळपट भाग १२१ आणि आंब्याचा सगळ्यात उजळ भाग १४०, म्हणजे दोघांचे पट्टे एकमेकांत घुसलेले. १२८ चुकीचा होता म्हणून १३५ लावा, असा हा प्रश्नच उरला नव्हता. त्या फोटोत बरोबर आकडा अस्तित्वातच नव्हता.

दातेरी कडेचं कारण वेगळं. जेपीइजीमध्ये उजेड-काळोखाची माहिती पूर्ण ठेवतात आणि रंगाची माहिती बहुधा आडवी-उभी निम्मी करतात, कारण डोळ्याला रंगाची कड तितकी बारीक दिसत नाही. वर अ‍ॅपनं फोटो पुन्हा दाबला होता. शिवाय उजेडाच्या हिशेबात हिरव्याचा वाटा ०.५८७, लालचा ०.२९९ आणि निळ्याचा अवघा ०.११४. म्हणजे निळा चॅनल उघडल्यावर जे दिसतं ते मुख्यतः त्या निम्म्या केलेल्या, आठ-बाय-आठच्या चौकटीत दाबलेल्या रंगाच्या माहितीतूनच बांधलेलं असतं. संपूर्ण फोटो सुरेख दिसतो आणि एकटा निळा चॅनल चौकोनी फरशी लावल्यासारखा. थ्रेशोल्ड लावला की त्या चौकटींच्या कडा पक्क्या होतात.

काय काय करता आलं असतं

पहिला पर्याय सरळ होता: सगळं चित्र वेक्टरमध्ये (पिक्सेलऐवजी रेघांच्या आकारांत) हातानं गिरवायचं. थ्रेशोल्डची भानगडच नाही, कडा स्वच्छ. पण ब्रशचा हात जातो आणि आंबा क्लिपआर्टमधला दिसतो. बागायतदाराला ते शिक्षिकेचंच चित्र हवं होतं, म्हणून हा पर्याय शेवटचा म्हणून बाजूला ठेवला.

दुसरा, ऑफसेटसारखं चार रंगांचं हाफटोन, म्हणजे लहान-मोठ्या ठिपक्यांतून छटा. तो विचारातही घ्यायला नको होता. हाफटोनच्या ठिपक्यांची रांग आणि स्क्रीनच्या कापडाच्या धाग्यांची रांग एकमेकांवर आली की मोअरेचे, म्हणजे जाळीदार लहरींचे, पट्टे उठतात. त्यात पुठ्ठ्याच्या पोटातल्या लाटा. लाटेच्या माथ्यावर दाब जास्त, खळग्यात कमी, त्यामुळे ठिपका कुठं फुगतो, कुठं उमटतच नाही.

तिसरा पर्याय प्लग-इनमधलं 'ऑटो' बटण. हे बटण बहुधा ओत्सूच्या १९७९ च्या पद्धतीवर चालतं: हिस्टोग्राममध्ये (कुठल्या आकड्याचे किती पिक्सेल याचा आलेख) दोन टेकड्या आहेत असं धरून त्यांना सर्वात चांगलं वेगळं करणारा आकडा शोधायचा. काळ्या अक्षरांच्या पांढऱ्या कागदाला ते उत्तम. या चित्राच्या हिरव्या चॅनलमध्ये मात्र तीन टेकड्या होत्या: पान आणि लाली एकत्र खाली, आंब्याचा पिवळा मधे, कागद वर. कागदाचं क्षेत्रफळ सगळ्यात मोठं, म्हणून ऑटोनं कागद आणि आंबा यांच्यामधला आकडा दिला. लाली कुठं संपते हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

चौथा पर्याय आहे तोच फोटो सुधारण्याचा. त्याच जागी, त्याच उजेडात कोऱ्या कागदाचाही फोटो असता तर चित्राला त्यानं भागून तांबूस छटा काढता आली असती. तसा फोटो नव्हता. कागदाच्या कडांवरून अंदाजे उतार बसवता येतो, पण दाबलेल्या जेपीइजीची दातेरी कड त्यानं जात नाही.

उरला पाचवा: मूळ चित्र मागवायचं, स्कॅन करायचं आणि प्रत्येक चॅनलला त्याचं स्वतंत्र काम द्यायचं. चित्र देवगडहून एसटीनं आलं. आंब्याच्या तोंडावर दोन दिवस गेले म्हणून कुरकुर झाली, पण फोटोवर पुढं काम रेटलं असतं तर त्याहून जास्त गेले असते.

काय केलं

स्कॅन ए-फोरच्या साध्या फ्लॅटबेडवर, ६०० डीपीआयला (इंचाला ६०० पिक्सेल). स्कॅनरचं ऑटो कलर, शार्पन आणि 'अक्षरं सुधारा' हे तिन्ही बंद. पीएनजीमध्ये जतन. चित्र छापायचं होतं त्याच मापात, १८ सेंटिमीटर रुंद, म्हणून लहान-मोठं करण्याचा प्रश्न आला नाही.

मग प्रत्येक रंगावर दहा-बारा ठिकाणी रंग टिपून आकडे कागदावर लिहिले. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि बहुतेक जण ती टाळून थेट स्लायडर हलवतात. या प्रकरणात सगळं पुढचं काम या आकड्यांवर उभं राहिलं:

कागद: लाल २४०, हिरवा २३६, निळा २२८ ते २३८
आंब्याचा पिवळा: लाल २२५ ते २४०, हिरवा १६५ ते १९०, निळा ४० ते ७०
आंब्यावरची चकाकी: लाल २४०, हिरवा २१०, निळा १६५ ते १९०
लाली: लाल १९५ ते २१५, हिरवा ८५ पासून कडेला १६५ पर्यंत चढत जाणारा
पान: लाल ५० ते ९५, हिरवा ८५ ते ११५, सावलीत लाल ३५ ते ५०, हिरवा ५५ ते ७०
देठ: लाल ६० ते ८०, हिरवा ४० ते ६०

आकडे समोर आल्यावर वाटणी उघड दिसते. निळा चॅनल सांगतो कागद कुठला आणि रंग कुठला. लाल सांगतो आंबा कुठला आणि पान-देठ कुठलं. हिरवा सांगतो आंब्यात लाली कुठली.

थ्रेशोल्डच्या आधी तीन पिक्सेल त्रिज्येचं मिडियन (शेजारच्या पिक्सेलमधला मधला आकडा घेणारं फिल्टर) लावलं, कागदाचा रवा आणि ब्रशचे केस घालवायला. इथं गॉशियन ब्लर (सरासरी काढून धूसर करणारं फिल्टर) वापरला तर पानाचं टोक बोथट होतं. मिडियन कड जवळजवळ जागेवर ठेवतं. हे थ्रेशोल्डच्या नंतर न करता आधीच करायचं, कारण काळं-पांढरं झाल्यावर ठिपका रव्याचा की चित्राचा हे ओळखायला काही उरत नाही.

निळ्याला २०८. कागदाचा खालचा आकडा २२८, चकाकीचा वरचा १९०, बरोबर मधे मोकळी जागा. लालला १५०. पानाचा ९५ आणि लालीचा १९५ यांच्यामधे शंभराची दरी, तिथं आकडा दहा इकडे-तिकडे झाला तरी बिघडत नाही.

पहिला अडथळा पान आणि देठ वेगळं करताना आला. हिरव्या चॅनलमध्ये सावलीतलं पान ५५ पासून सुरू होतं आणि देठ ६० ला संपतो. पुन्हा पट्टे एकमेकांत. डिझायनर ५७, ५८, ५९ असे आकडे लावून बघत बसला होता. प्रत्येक वेळी एकतर देठावर हिरवे ठिपके, नाहीतर पानाच्या सावलीत काळे. आकडा एक-एकानं हलवावा लागतोय याचाच अर्थ त्या चॅनलमध्ये उत्तर नाही. उत्तर दोन चॅनलच्या फरकात होतं. पानात, उजेडात असो की सावलीत, हिरवा लालपेक्षा जास्त असतो. देठात लाल जास्त. आंब्यात, लालीत, अगदी कागदातही लाल थोडा जास्तच. सूत्राच्या रकान्यात हिरव्यातून लाल वजा केला आणि ८ च्या वरचं ठेवलं: एकट्या पानांचा मास्क (निवडलेल्या भागाचा काळा-पांढरा नकाशा) मिळाला, देठ आपोआप बाहेर. वजाबाकीत दोन्ही चॅनलचा रवा एकत्र होऊन वाढतो, म्हणून मिडियन आधी लावलेलं इथंही कामाला आलं. देठ म्हणजे मग लाल १५० च्या खालचं सगळं, वजा पान.

दुसरा अडथळा अगदी फसवा होता. मधे एकदा फाइल जास्त बिटच्या मोडमध्ये बदलली गेली, आणि त्याच आकड्यांनी लालीच्या भागावर काळे चट्टे आले. मोड लिनियर होता. साध्या एसआरजीबी फाइलमधले आकडे डोळ्याच्या सोयीनं वाकवलेले असतात, लिनियरमध्ये ते प्रकाशाच्या प्रमाणात असतात. प्लग-इन आलेले आकडे जसेच्या तसे उचलत असेल तर १५०, म्हणजे ०.५८८, हा लिनियरमध्ये साध्या २०२ इतका उजेड होतो. लालीचा लाल चॅनल १९५ पासून सुरू, मग त्यातला काही भाग २०२ च्या खाली जाऊन पान-देठात जमा झाला. लिनियरमध्येच काम करायचं असतं तर आकडा ०.३०५ हवा होता. फाइल परत आठ बिटच्या साध्या मोडमध्ये आणली आणि तो विषय तिथंच मिटवला.

लालीचा निर्णय

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती लालीवर, आणि तसं व्हायलाच हवं होतं. पान कुठं संपतं याला एकच उत्तर आहे. लाली कुठं संपते याला नाही, कारण चित्रात ती हळूहळू पिवळ्यात विरते. हिरव्या चॅनलला कुठलाही आकडा लावा, कड कापल्यासारखी येते आणि आंब्यावर ठिगळ लावल्यासारखं दिसतं.

म्हणून हिरव्या चॅनलमध्ये थ्रेशोल्डच्या आधी अधिक-उणे २० चा रँडम नॉइज (आकड्यांत मुद्दाम घातलेला विस्कळीत चढउतार) मिसळला. मग कडेला ठिपके विखुरतात, आत दाट, बाहेर विरळ. पहिल्या प्रयत्नात नॉइज एका-एका पिक्सेलचा होता. ६०० डीपीआयला एक पिक्सेल म्हणजे ०.०४ मिलिमीटर. स्क्रीनला कापड होतं सेंटिमीटरला ७७ धाग्यांचं. दोन धाग्यांमधलं अंतर ०.१३ मिलिमीटर. एवढा बारीक ठिपका इमल्शनमध्ये उमटत नाही, उमटलाच तर धाग्याआड अडतो. निदान दोन धाग्यांची जागा व्यापेल, म्हणजे पाव मिलिमीटर, सहा पिक्सेल, तोच ठिपका भरवशाचा. तेव्हा नॉइज आठपट मोठा करून घेतला, ठिपका साधारण ०.३४ मिलिमीटर झाला. हे ठिपके रांगेत नसल्यामुळे मोअरेचाही धोका नाही. सहा पिक्सेलपेक्षा बारीक उरलेलं सगळं चारही फिल्मवरून पुसून टाकलं.

आता मधला आकडा. ११०, १२५ आणि १४० अशा तीन फिल्म काढून बॉक्सच्या रद्दी पुठ्ठ्यावर खऱ्या शाईनं तीन प्रूफ मारले. दुकानात सगळ्यांना १४० आवडला, कारण तो लांबून उठून दिसत होता. बागायतदारानं तो बघताक्षणी बाजूला सारला: "इतको लाल नको. ह्यो हापूस आसा, तोतापुरी न्हय." १२५ ठरला. आंबा कसा दिसतो हे ज्याला माहीत आहे त्यानं हा आकडा ठरवावा, संगणकासमोर बसलेल्यानं नाही; फक्त त्याला स्लायडर दाखवू नये, छापलेलं दाखवावं.

पानाच्या शिरा मात्र थ्रेशोल्डनं निघाल्या नाहीत. शिरेचा हिरवा आणि पानाचा हिरवा यात फरक दहाचा, आणि रंगाच्या थराचा चढउतारही तेवढाच. अर्धा दिवस त्यात घालवल्यावर शिरा पेन टॅब्लेटनं हिरव्याच्या फिल्मवर कोऱ्या रेघा म्हणून ओढल्या. ते काम चहा संपायच्या आत झालं.

फिल्म आणि छपाई

पिवळा लालीच्या खालीही सलग ठेवला, केशरी त्याच्यावर बसतो. पानाच्या खाली मात्र पिवळा काढला, नाहीतर हिरवा पोपटी होतो. जिथं पान आणि आंबा भिडतात तिथं पिवळा पानाखाली १२ पिक्सेल, म्हणजे अर्धा मिलिमीटर, आत सरकवला; या जादा पट्टीला पुढं 'आधार' म्हटलं आहे. क्रम: पिवळा, केशरी, हिरवा, शेवटी काळा.

चारही फिल्म एकाच दिशेनं, एकापाठोपाठ लेझरमधून काढल्या. ट्रेसिंग पेपर लेझरच्या उष्णतेनं आक्रसतो. एक आडवी आणि एक उभी काढली तर चार कोपऱ्यांच्या खुणा कधीच जुळत नाहीत.

निकाल

बॉक्स हंगामाच्या आधी मिळाले. चित्र शिक्षिकेच्या ब्रशचं दिसत होतं, लाली विरत होती, पार्श्वभूमी स्वच्छ होती. दोष दोन राहिले. पुठ्ठ्याचा एक गठ्ठा शेडच्या तोंडाशी ठेवलेला होता, पहाटेच्या दमट हवेनं तो वाकला. त्या गठ्ठ्यावर हिरवा सरकून पान आणि आंब्यात पांढरी रेघ दिसली. अर्ध्या मिलिमीटरचा आधार तिथं अपुरा पडला. आणि आंब्यावरची चकाकी पिवळ्यात बुडाली, कारण निळ्याचा २०८ तिला रंगातच धरतो. ती कोरी ठेवायची तर आंब्याच्या मास्कमध्ये निळ्याला १५० चा दुसरा थ्रेशोल्ड हवा होता. प्रूफच्या वेळी सगळ्यांची नजर लालीवर होती, चकाकीकडे कोणी बघितलंच नाही.

वेगळं काय करता आलं असतं

फोटो आला त्याच दिवशी तीन चॅनल वेगळे उघडून बघितले असते तर निळ्यातली फरशी आणि अंगणाकडचा उतार दोन मिनिटांत दिसला असता, आणि मूळ चित्र तेव्हाच मागवता आलं असतं. मोबाइलवरच भागवायचं असेल तर ढगाळ उजेडात किंवा उत्तरेकडच्या सावलीत, मातीपासून दूर, आणि चित्र हलवायच्या आधी त्याच जागी कोऱ्या कागदाचाही एक फोटो; पाठवायचा तो डॉक्युमेंट म्हणून, चित्र म्हणून नाही.

हाताच्या बाकावर आणि पुठ्ठ्यावर आधार ०.८ मिलिमीटर धरावा, म्हणजे ६०० डीपीआयला १९ पिक्सेल. कागदाच्या लग्नपत्रिकेवर तो ढोबळ वाटेल, बॉक्सवर कळतही नाही.

आकडे फाइलच्या नावात किंवा शेजारच्या टिपणात लिहून ठेवायला हवे होते. इथं ते एका डिलिव्हरी चलनाच्या पाठीवर होते, आणि दोन डझनांच्या बॉक्ससाठी तेच काम पुन्हा करताना चलन शोधण्यात वेळ गेला.

पुढच्या वर्षी बागायतदाराला तपकिरी क्राफ्ट पुठ्ठा हवा आहे. तिथं पिवळा थेट छापला तर मळका दिसेल, खाली पांढऱ्याची पाचवी स्क्रीन लागेल. तिची फिल्म नव्यानं करायची गरज नाही: निळ्या चॅनलचा २०८ चा मास्क तयार आहेच. त्यातून काळ्यात जाणारा देठ वजा करायचा, आणि पांढऱ्याची कड रंगाबाहेर डोकावू नये म्हणून उरलेला मास्क चहूबाजूंनी ८ ते १० पिक्सेल आत घ्यायचा.